गुळवेलीच्या दोन पंगती

लोणावळ्याला लोक हवा खायला जातात. मी कडू काढा पाजायला गेलो, आणि स्वखुशीने गेलो. परत आल्यापासून आमच्या आळीत जो तो विचारतो, "नाना, तिकडे काय काय पाहिलंत?" धबधबे, बोगदे, मुंबईकर शेटजींचे बंगले, असलं काहीतरी त्यांना ऐकायचं असतं. मी सांगतो की मी माणसांच्या रक्ताचे थेंब पाहिले. विचारणारा जरा मागे सरकतो आणि मला सांगायला ऐसपैस जागा होते.

या प्रवासाला कारण माझा बालमित्र गोविंदा. तो डॉक्टर आहे आणि पोरांना सूक्ष्मदर्शक यंत्रातून बघायला शिकवतो. ताप उतरल्यावर घरोघरच्या आज्या गुळवेलीचा काढा पाजतात. त्याने शरीरात खरोखर काही घडतं की ती नुसती वहिवाट आहे, हा प्रश्न त्याच्या डोक्यात बरीच वर्षं घर करून होता. त्याच्या वरच्या साहेबांना या प्रश्नाचं हसू यायचं. यंदा त्यांनी हसणं आवरून सांगितलं, की दिवाळीपर्यंत काय ते तपासून आण, नाहीतर हा विषय पुन्हा माझ्यापुढे काढू नकोस. गोविंदाने त्याच दिवशी रजा मांडली.

त्याला यंत्र चालवता येतं, माणसं चालवता येत नाहीत. मी पूर्वी नाटक कंपनीत विनोदी भूमिका करत असे. बोलपट आले, कंपनी बसली आणि मी शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो. "गावातल्या लोकांना बोट टोचून घ्यायला राजी करायचंय," गोविंदा म्हणाला. "मला माणसं पटवता येत नाहीत. तुला त्याखेरीज काही येत नाही." इतक्या प्रेमाने कोणी बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं? शाळेला सहामाहीची सुट्टी लागली होती. आश्विन सुरू होता. मी वळकटी बांधली.

विजेच्या गाडीत धूर नाही, डोळ्यांत कोळसा नाही, त्यामुळे न बोलण्याला सबबही नाही. शिवाजीनगर ते तळेगाव गोविंदाने मला रक्त शिकवलं. रक्तात तांबड्या पेशी असतात, तशा पांढऱ्याही असतात. बाहेरून रोगाचे जंतू शिरले की पांढऱ्या पेशी त्यांच्यावर चालून जातात आणि त्यांना चक्क गिळतात. मी म्हटलं, म्हणजे मावळेच की. तो म्हणाला, हवं तर तसं समज. आता प्रश्न असा, की गुळवेल पोटात गेली की या मावळ्यांची संख्या वाढते, की आहेत तेवढ्यांचीच भूक वाढते, की यातलं काहीच होत नाही आणि आपण उगाच तोंड कडू करून घेतो? समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ डबा उघडून दशमी खात होते. जंतू गिळण्याचा भाग आला तेव्हा त्यांनी डबा मिटला आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

तळेगाव

तळेगावात गोविंदाचे एक वैद्यमामा राहतात. वय पिकलेलं, पाठ ताठ आणि आवाज असा, की आमच्या कंपनीत असते तर मागच्या रांगेची तक्रार कधी आली नसती. त्यांनी आम्हाला आंबेमोहोराचा भात आणि अळूची पातळ भाजी वाढली आणि आपण वादाला बसले.

मामांच्या मते प्रश्नच चुकीचा होता. गुळवेलीचं दुसरं नाव अमृता. ती माणसाचं व्याधिक्षमत्व वाढवते, म्हणजे रोगाशी टक्कर देण्याचं अंगचं बळ. बळ काय मोजायची वस्तू आहे? गोविंदा म्हणाला, मोजल्याशिवाय आहे की नाही हे कसं कळणार? मामा म्हणाले, रोगी उठून चालायला लागला की कळतं. गोविंदा म्हणाला, काही रोगी काढा न पिताही चालायला लागतात, त्यांचं काय? मामांनी यावर थोडा विचार केला आणि मला विचारलं, भाजी आणखी घेणार का. मी घेतली. दोघांचा वाद इतका रंगला होता की भाजीचं पातेलं कधी रिकामं झालं हे त्यांना कळलंही नाही.

निरोप देताना मात्र मामांनी गोविंदाला जवळ बसवून सगळं नीट सांगितलं. वेल ताजी हवी. अंगठ्याएवढी जाड कांडी घ्यावी, ठेचावी, पाण्यात उकळून चौथा हिस्सा उरवावा. बाजारातलं पांढरं सत्त्व नको, त्यात पीठ किती आणि वेल किती हे विकणाऱ्यालाच ठाऊक. आणि वेल कडुनिंबावर चढलेली मिळाली तर फारच उत्तम. "आणि काय निघेल ते मला सांग," ते म्हणाले. "काही नाही निघालं तरी सांग. मी रागावणार नाही." आम्ही उंबरा ओलांडला तशी त्यांनी पुस्ती जोडली, "दोन दिवस रागावेन."

लोणावळे

लोणावळ्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा ढग प्लॅटफॉर्मवरच उतरलेले होते. हमाल आधी कानांना ऐकू आला, मग डोळ्यांना दिसला. आम्ही धर्मशाळेत जागा धरली. सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी गोविंदाने स्वतः उचलून आणली, ती कोणाला हात लावू देईना.

पेटी आणि माझे मानेपर्यंत वाढलेले केस या दोन्हींवरून धर्मशाळेतल्या मंडळींनी आपापला हिशेब केला. दिवेलागणीला हवापालटाला आलेली तीनचार कुटुंबं आमच्या खोलीपुढे सतरंजी टाकून बसलेली. एक काका पुढे येऊन म्हणाले, बुवा, पेटी काढा, एखादं नाट्यपद होऊ द्या. मी खरं सांगायला हवं होतं. पण सतरंजी घातलेली बघितली की माझ्या अंगात काय संचारतं ते माझं मलाच समजत नाही. मी म्हणालो, पेटीचा सूर आज जरा बसलाय, नुसतंच म्हणतो. आणि म्हटली, दोन पदं. गोविंदा आत दार लावून बसला होता. त्याला वाटत होतं की मी आणखी गायलो तर ते लोक पेटी उघडायला लावतील.

सकाळी काकांनी गुडदाणीचा पुडा आणून दिला. शेंगदाणे आणि गूळ यांचं हे प्रकरण लोणावळ्यात दातांची परीक्षा म्हणून खातात. मी नापास झालो, दाढ हलली. गोविंदाने तिच्याकडे बघितलंदेखील नाही. म्हणाला, ती माझी शाखा नव्हे.

कुरवंडे

कुरवंड्याला बैलगाडीने गेलो, असं म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे निम्मी वाट बैलगाडी आमच्या जिवावर गेली. चाक रुतलं की आम्ही उतरायचो, ढकलायचो, पुन्हा बसायचो. पण पठारावर आलो आणि तक्रार करायची राहून गेली. सोनकीच्या फुलांनी माळ पिवळा झालेला, खाचरांत भात निसवलेलं, आणि पलीकडे नागफणीचा सुळका ढगातून डोकं काढून खाली कोकणाकडे बघत होता. बांधावर बायका खेकडे धरत होत्या. त्यातलेच रात्री आमच्या ताटात येतील की काय, या विचाराने गोविंदा जरा गंभीर झाला. ते आले. त्याने पिठलं मागितलं. मी मात्र माझ्या आईला जे कधी कळता कामा नये ते केलं आणि फार सुखी झालो.

आम्ही उतरलो होतो आबांच्या घरी. आबा म्हणजे गावातले मोठे खातेदार, पांढऱ्या मिशा, शब्द मोजका. घर चालवत होत्या त्यांच्या धाकट्या भावाच्या विधवा, ज्यांना सगळं गाव मावशी म्हणे. पावसाळा संपला की इथे हिवतापाची फेरी येते; यंदा आबा आणि मावशी दोघंही तिच्यातून नुकते उठलेले. ताप आला की सरकारी क्विनीन मिळतं, तापही उतरतो, पण माणूस असा खंगतो की कापणीच्या दिवसांत विळा हातात धरवत नाही. मग पुन्हा सर्दी, पुन्हा खोकला, पुन्हा अंथरूण. गावाला काळजी होती ती याची.

गोविंदाचा बेत सरळ होता. ज्याला ताप असेल त्याला क्विनीन द्यायचंच, त्यात तडजोड नाही. ताप उतरून अशक्त झालेली माणसं रोज सकाळी आबांच्या ओटीवर येतील. निम्म्यांना गुळवेलीचा काढा मिळेल, निम्म्यांना कारल्याच्या पाल्याचं पाणी. दोन्ही तितकंच कडू, पण कारल्याच्या पाल्यात या कामाचं काही नाही अशी त्याची खात्री. कोण काय पितं हे पिणाऱ्याला सांगायचं नाही. आधी प्रत्येकाच्या बोटातून थेंब घ्यायचा, पुढे मधूनमधून पुन्हा घ्यायचा, आणि दोन्ही गटांच्या पांढऱ्या पेशींत फरक पडतो का ते बघायचं.

रक्त म्हटल्यावर ओटीवर जमलेल्यांनी बोटं मुठीत घेतली. आबांनी विचारलं, "रगात नेऊन करनार काय?" गोविंदा पेशींविषयी सांगायला लागला तसे लोक उठायला लागले. मग मी पुढे झालो. तुमच्या प्रत्येकाच्या रक्तात मावळे आहेत, मी म्हणालो, आणि हे डॉक्टर त्यांची हजेरी घ्यायला आलेत. बोट पुढे केलं, गोविंदाने सुई टोचली आणि मी कंपनीत ज्या मरणावर टाळ्या घेत असे ते मरण तिथे पुन्हा मेलो. दोनदा उठून पडलो. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मावशी म्हणाल्या, "येवढ्याशा सुईला येवढा आटापिटा? सरका तिकडं." आणि त्यांनी आपलं बोट पुढे केलं. त्यांच्यामागे रांग लागली.

दुसऱ्या दिवशी वेल आणायची होती. मामांचा कडुनिंब तिथे कुठला, एवढ्या पावसात तो तग धरत नाही. गुळवेल होती ती रानातल्या आंब्यावर. मी कोयता मागितला तर मावशी म्हणाल्या, असं न्हाई, आदी आवतन द्यावं लागतं. तिन्हीसांजेला मावशी आणि मी झाडाशी गेलो. त्यांनी वेलीला हळदकुंकू वाहिलं, बुडाशी अक्षता ठेवल्या आणि म्हणाल्या, "उंद्या तुला न्यायला येतो. घरची मानसं खंगल्याती, त्यांच्यासाटी चल. राग धरू नगंस." आमच्याकडे पुण्यात व्याह्यांनासुद्धा इतक्या आर्जवाने बोलावत नाहीत. दुसऱ्या दिवशी वेल तोडल्यापासून घरच्या उंबऱ्याच्या आत येईपर्यंत कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही, हा नियमाचा दुसरा भाग. वाटेत कारवीच्या झुडपात साप दिसला, बांधावरून घसरलो, एका म्हशीने मला शिंग दाखवलं, आणि मी एक अक्षर बोललो नाही. गोविंदा पुढे कितीतरी दिवस म्हणत होता की गुळवेलीचा माणसावर झालेला हा एकमेव परिणाम आजवर त्याने डोळ्यांनी पाहिलाय.

आणखी एक काम माझ्याकडे आलं. पांढऱ्या पेशींची भूक पाहायची तर रक्ताच्या थेंबात मेलेले जंतू घालून ती बारीक काचेची नळी अंगाच्या उबेइतक्या उबेत ठेवावी लागते. पुण्यात त्यासाठी पेटी आहे. कुरवंड्यात मी होतो. गोविंदा माझ्या दोन्ही काखांत नळ्या ठेवायचा आणि मी हात घट्ट मिटून, खांबाला टेकून बसायचो. येणारेजाणारे लांबूनच हात जोडून जायचे. त्यांना वाटायचं मास्तर अनुष्ठानाला बसलेत.

असे बरेच दिवस सुरळीत गेले. पिवळ्या ठिपक्याच्या मडक्यात गुळवेल, लाल ठिपक्याच्या मडक्यात कारलं. काचपट्ट्यांवर खुणा मी करायचो, कोणती कोणाची हे गोविंदाला मुद्दाम सांगायचो नाही, म्हणजे मोजताना त्याचं मन इकडे की तिकडे झुकायला नको. तो खिडकीपाशी यंत्र लावून बसायचा आणि आकडे सांगायचा. मी ते दोन बाजूंना मांडायचो. आणि दोन्ही बाजू सारख्या. थोडा चढ होता, पण दोन्हीकडे सारखाच. गोविंदाच्या चेहऱ्यावरचं तेज उतरायला लागलं. एका संध्याकाळी म्हणाला, "बहुतेक साहेबांचं खरं आहे, नाना. कारलं आणि गुळवेल एकच." ते सांगणं त्याला किती जड गेलं असेल ते मला समजलं. पण त्याने पुढे असंही म्हटलं, की नाही तर नाही, जे निघेल तेच सांगायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चहाच्या आशेने मी स्वयंपाकघरात डोकावलो. मावशी चुलीपुढे होत्या. त्यांनी पिवळ्या ठिपक्याचं मडकं उचललं, लाल ठिपक्याच्या मडक्यात निम्मं ओतलं, पळीने ढवळलं आणि मग त्यातलं निम्मं पुन्हा पिवळ्यात ओतलं, आणि दोन्हींचा रंग एक होईपर्यंत हेच करत राहिल्या. हात असा सफाईने चालत होता की हे आजचं नाही हे सांगायला नको. मी गोविंदाला हाक मारली.

लपवायची गोष्ट आम्ही त्यांच्याच चुलीवर ठेवली होती. वेलीला आवतण त्यांनी दिलेलं, ठेचली त्यांनी, उकळली त्यांनी. कोणत्या मडक्यात काय आहे हे त्यांना कळायला वेळ कसला? पहिल्याच सकाळी कळलं होतं आणि पहिल्याच सकाळी त्यांनी त्यावर उपाय केला होता.

गोविंदा इतका चिडलेला मी शाळेपासून पाहिला नव्हता. एवढ्या दिवसांची मेहनत पाण्यात गेली, एवढ्या माणसांची बोटं फुकट टोचली, असं तो बोलत राहिला. मावशींनी त्याला बोलू दिलं. मग पळी खाली ठेवली.

"एका वट्यावर शेजारीशेजारी बसवायचं," त्या म्हणाल्या, "अन् एकाला औशीद अन् दुसऱ्याला कारल्याचं धुवन? आमच्या दारात असलं वाढप व्हायाचं न्हाई."

"अहो मावशी, त्यानेच तर कळणार होतं."

"तुमाला कळंल. जेवनाऱ्याला काय?"

पुण्यात आमच्या तोंडी पंक्तिप्रपंच हा शब्द फार. एका पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं वाढणं हे पाप, असं आम्ही सांगतो आणि लग्नात व्याह्यांच्या पानात जिलब्यांची रास आणि कोपऱ्यातल्या मास्तराच्या पानात चुरा पडतो. मी त्या कोपऱ्यात पुष्कळदा बसलोय. इथे ते बोलून दाखवत नव्हते, पाळत होते. गोविंदाच्या आकड्यांवर कोणी वाईट बुद्धीने पाणी फिरवलं नव्हतं. सगळ्यांना सारखं वाढलं होतं, आणि म्हणून सगळ्यांचे आकडे सारखे आले होते.

गोविंदा ओटीच्या कडेला जाऊन बसला. जेवायलाही उठला नाही. मला वाटलं आता हा पेटी बांधायला घेणार. उन्हं कलली तेव्हा तो आत आला आणि म्हणाला, "पुन्हा करायचं. पहिल्यापासून."

मी म्हटलं, दिवाळी तोंडावर आलीय. तुझे साहेब?

"साहेबांनी विषय काढू नकोस म्हटलंय. मला करू नकोस असं कुठे म्हटलंय?" तो म्हणाला. "आत्ता हे आकडे घेऊन गेलो तर गुळवेल कुचकामी असं कायमचं ठरेल, आणि ते खोटं असेल. निदान खरं की खोटं हे आपल्याला ठाऊक नसेल. मी जात नाही. पण या बाईंना सांगायचं काय? एकाच घरात दोन प्रकारचं वाढलं तर त्या पुन्हा ढवळणार, आणि तेच केलं नाही तर मला काही कळणार नाही."

जेवणाच्या बाबतीत मी अभ्यासू माणूस आहे. मी म्हटलं, गोविंदा, एका पंगतीत दोन प्रकार चालत नाहीत. पण पंगती दोन असायला कोणाची हरकत असते? पहिली पंगत जेवते, दुसरी थांबते. पहिली उठली की दुसरी बसते आणि तिलाही तेच वाढतात. निम्म्यांना आधी गुळवेल दे, बाकीच्यांना काहीच देऊ नकोस. मग मधे थोडे दिवस सोडून उलट कर. शेवटी सगळे जेवले, सगळ्यांना सारखं मिळालं, आणि मधल्या काळात तुझा फरक दिसला तर दिसला.

गोविंदाने माझ्या पाठीत थाप मारली. मग तो तसाच स्वयंपाकघरात गेला आणि मी ऐकत होतो की माझे शब्द तो माझ्याहून जलद सांगतोय. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या पंगतीला खरंच मिळेल ना, एवढं त्यांनी दोनदा विचारलं. गोविंदाने देवापुढे हात ठेवून सांगितलं. कारल्याचं मडकं त्याच संध्याकाळी परसात पालथं झालं.

आता सगळं जमलं असं वाटलं, तोच आबा म्हणाले, पहिली पंगत पुरुष मानसांची. वडीलधारे आधी, बाया मागनं, जशी रीत हाय तशी. गोविंदाने कपाळाला हात लावला. सगळे पुरुष एकीकडे आणि सगळ्या बायका दुसरीकडे गेल्या तर तुलना कशाची कशाशी करायची? त्याने ते आबांना समजावून पाहिलं. आबा ऐकून घेत होते आणि मान हलवत नव्हते. मावशी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "जलम गेला दुसऱ्या पंगतीला. कवा तळाचं गावतं, कवा तेबी न्हाई. आबा, ह्ये औशीद हाय. ह्यात तरी देवाला इचारा."

आबांना देवाला विचारण्याला नाही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी भैरोबाच्या देवळात जमली. गुरवाने देवाच्या अंगाला ओल्या कळ्या लावल्या. एकेकाचं नाव घ्यायचं, उजवीकडची कळी आधी पडली तर पहिली पंगत, डावीकडची पडली तर दुसरी. बाई की पुरुष, थोर की लहान, जमीन किती, कोणी विचारत नव्हतं. गोविंदा आधी जरा साशंक उभा होता. पाचदहा नावं झाली आणि तो माझा हात दाबायला लागला. माणसाने निवड केली की त्याचा कल आत शिरतो, तो कुजबुजला, आणि इथे कोणाचाच कल नाही. चिठ्ठ्या काढल्या असत्या तर कोणीतरी म्हटलं असतं की मास्तराने लबाडी केली. यावर कोण बोलणार?

मावशींची उजवी कळी पडली. बायकांनी एकमेकींना हळूच कोपराने ढोसलं. मग आबांचं नाव आलं. कळ्या बराच वेळ हलल्या नाहीत. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, वाऱ्याची झुळूक आली, आणि डावी पडली. आबांनी नमस्कार केला आणि ते देवळाबाहेर आले.

माझी शाळा उघडायची होती, त्यामुळे मला परतावं लागलं. पण पहिली सकाळ बघून मगच निघालो. गोविंदा राहिलाय. साहेबांना त्याने निरोप धाडला की दिवाळीला येऊ शकत नाही, पंगत अजून उठली नाही. त्याचा अर्थ त्यांना काय लागला असेल ते देव जाणे. आकडे यायला अवकाश आहे. ते इकडे झुकतील की तिकडे, हे मला ठाऊक नाही आणि त्यालाही नाही. तळेगावच्या मामांना मी येताना सगळं सांगितलं, तर ते दोन दिवसांचा राग आत्ताच काढून ठेवायच्या विचारात दिसले.

ती सकाळ मात्र सांगतो. ओटीवर पहिली पंगत बसली. बायका होत्या, गडी होते, एक म्हातारा धनगर होता, आबांची सून होती. प्रत्येकापुढे पितळी वाटी. आता वाढायचं कोणी? जे बसले नाहीत त्यांनी, ही तर सगळीकडचीच रीत. बसले नव्हते त्यांत सर्वांत वडील आबा. कोणी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी स्वतःच मडकं उचललं. त्यांच्या हाताला पळीची सवय नव्हती, पहिल्या दोघांच्या वाट्या भरताना काढा जमिनीवर सांडला. मग वाकून, एका हाताने पळी आवरत, ते एकेकाला वाढत गेले. मावशींपाशी आले, वाटी काठोकाठ भरली, आणि वाढणाऱ्याच्या तोंडी जे यायचं ते सवयीने त्यांच्या तोंडी आलं, "सावकाश होऊ द्या."

त्या काढ्याचा एक घोट कोणी सावकाश घेईल तर शपथ. सगळी पंगत हसली, आबाही मिशीत हसले. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी वाटी तोंडाला लावली, एका दमात रिकामी केली, खाली पालथी घातली. मग गोविंदाकडे वळल्या आणि बोट पुढे केलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता ह्यात कुनाचं कायबी मिसळल्यालं न्हाई."